जोडणी आणि ओळख

रास्पबेरी पायचे कॉम्प्युट मॉड्यूल ४ हातात घेतले की त्यावर काय आहे यापेक्षा काय नाही तेच आधी डोळ्यांत भरते. ५५ मिलिमीटर लांब आणि ४० मिलिमीटर रुंद पाटी. तिच्यावर चार कोअरचा प्रोसेसर आहे, रॅम आहे, बहुतेक प्रकारांत साठवणीची ईएमएमसी चिपही आहे. पण वीज, पडदा किंवा नेटवर्कची केबल जोडायला एकही सॉकेट नाही. सगळे सिग्नल खालच्या बाजूच्या दोन कनेक्टरांमधून बाहेर पडतात. प्रत्येकी १०० पिना, आणि दोन पिनांत ०.४ मिलिमीटरचे अंतर. हे कनेक्टर ज्या दुसऱ्या बोर्डवर जाऊन बसतात, तो कॅरिअर बोर्ड. बाहेरची वीज आत घेणे, ती योग्य व्होल्टेजला आणणे, यूएसबी, इथरनेट, एचडीएमआय, आरएस-४८५ यांना जागा देणे, घड्याळ आणि पंखा सांभाळणे, ही कामे त्याची. मॉड्यूल हिशेब करते. कारखान्याशी, शेतातल्या पंपाशी किंवा दवाखान्यातल्या यंत्राशी त्याची गाठ घालून देतो तो कॅरिअर बोर्ड.

ही पुस्तिका त्या बोर्डची आहे. तो कसा बसवायचा, त्याला वीज कशी द्यायची आणि त्यावर काय काय आहे हे संगणकाला कसे सांगायचे, एवढाच तिचा आवाका. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज इथल्या लहान वर्कशॉपमध्ये कंट्रोल पॅनेल बांधणारे तंत्रज्ञ, आयटीआय आणि पॉलिटेक्निकचे विद्यार्थी आणि स्वतःचे उपकरण बाजारात आणू पाहणारे तरुण उद्योजक हे तिचे वाचक. त्यांना इंग्रजी कागदपत्रे वाचता येत नाहीत असा समज मुळीच नाही. अडचण वेगळीच आहे. मॉड्यूलची माहिती एका दस्तऐवजात असते, कॅरिअर बोर्डची दुसऱ्यात आणि ऑपरेटिंग सिस्टिमची तिसऱ्यात. तिन्ही आपापल्या जागी चोख असतात. पण उपकरण बंद पडते ते बहुधा या तिघांच्या सांध्यावर, आणि त्या सांध्याबद्दल तिघांपैकी कुणीच सविस्तर लिहीत नाही.

संगणक असा दोन पाट्यांत का विभागायचा, हा प्रश्न वाचकाला पडला पाहिजे. आधुनिक प्रोसेसर आणि त्याची रॅम यांच्यातले सिग्नल इतक्या वेगाने धावतात की त्यांचे तांब्याचे मार्ग लांबीला जुळवून, अनेक थरांच्या बोर्डवर, फार काटेकोरपणे आखावे लागतात. हे काम अवघड आणि खर्चिक आहे, आणि प्रत्येक नव्या उपकरणासाठी ते पुन्हा करण्यात काही अर्थ नाही. ते एकदा मॉड्यूलवर उरकले की उरलेला बोर्ड कमी थरांत, कमी खर्चात, लहान उद्योगालाही आखता येतो. शिवाय प्रोसेसर जुना झाला तर फक्त मॉड्यूल बदलता येते. निदान कागदावर तरी तसे आहे. प्रत्यक्षात ते कितपत खरे ठरते ते पुढे पाहू.

ही कल्पना रास्पबेरी पायची नाही. १९८१ मध्ये व्हीएमई बस आली आणि औद्योगिक नियंत्रण, संरक्षण, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळा यांत रॅकमध्ये कार्डे खोचायची पद्धत रुळली. पुढे ग्रीनस्प्रिंग कॉम्प्युटर्स या कंपनीने इंडस्ट्रीपॅक नावाची छोटी मॉड्यूल्स काढली. १९९५ मध्ये त्यांचे रीतसर मानक झाले. सहा-यू उंचीच्या एका व्हीएमई कॅरिअर कार्डवर अशी चार मॉड्यूल्स बसत. एक ॲनालॉग सिग्नल वाचणारे, एक सिरिअल पोर्टचे, एक मोटर चालवणारे, अशी गरजेप्रमाणे निवड करायची. कॅरिअर कार्डाचा बसवरचा पत्ता जंपरने ठरवावा लागे, आणि दोन कार्डांना चुकून एकच पत्ता दिला गेला तर दोन्ही एकाच वेळी उत्तर देऊ लागत. मॉड्यूलवर मात्र स्वतःची ओळख सांगणारी छोटी स्मृती असे. तिच्या सुरुवातीलाच आय, पी, ए, सी ही चार अक्षरे ठरलेली, आणि त्यांच्यामागे उत्पादकाचा व मॉड्यूलचा क्रमांक. सॉफ्टवेअरने ती वाचली की कोणत्या खोबणीत कोण बसले आहे ते कळे. हा तपशील मुद्दाम देतो आहे. बोर्डने आपली ओळख स्वतः सांगावी की बसवणाऱ्याने ती लिहून द्यावी, हा या विषयातला सर्वांत जुना प्रश्न आहे, आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

पुढची मानके भराभर आली. २००० च्या सुमारास ईटीएक्स, २००५ मध्ये पीआयसीएमजी या संघटनेचे कॉम एक्सप्रेस, २००८ मध्ये क्यूसेव्हन, २०१३ मध्ये स्मार्क. यांतल्या कॉम एक्सप्रेसमध्ये एक शहाणपणाची सोय आहे. मॉड्यूलच्या काही पिना फक्त आपला प्रकार सांगण्यासाठी राखून ठेवल्या आहेत. कॅरिअर बोर्डने त्या तपासायच्या, आणि चुकीच्या प्रकारचे मॉड्यूल बसले असेल तर मुख्य वीज चालूच होऊ द्यायची नाही. महागड्या उपकरणांत ही काळजी परवडते.

रास्पबेरी पायच्या वाटेवर असा पहारेकरी नाही. या कंपनीचे पहिले कॉम्प्युट मॉड्यूल २०१४ मध्ये आले. त्याचा आकार लॅपटॉपच्या रॅमसारखा होता, २०० पिनांच्या सोडिम खाचेत बसणारा. २०१७ चे तिसरे मॉड्यूल आणि २०१९ ची त्याची सुधारित आवृत्तीही त्याच खाचेत बसे. ऑक्टोबर २०२० मध्ये चौथे आले तेव्हा कंपनीने ती खाच सोडून दोन चपटे कनेक्टर घेतले आणि जुन्या कॅरिअर बोर्डांची वाट तिथेच संपली. ज्यांची उपकरणे जुन्या आकारावर उभी होती त्यांच्यासाठी पुढे सोडिम आकाराचे ४एस मॉड्यूल काढावे लागले. या पुस्तिकेने उदाहरणादाखल चौथे मॉड्यूल निवडले आहे. ते जानेवारी २०३४ पर्यंत तरी बनत राहील असे कंपनीने जाहीर केले आहे. त्याच्यासोबत विकल्या जाणाऱ्या आयओ बोर्डचे संपूर्ण आराखडे कायकॅड या मोफत प्रणालीत कुणालाही उघडून पाहता येतात, आणि शिकणाऱ्याला याहून मोठी सवलत कोणती? ज्या बोर्डचा आराखडा पाहायला मिळत नाही त्यावर काम करता येते, पण शिकता येत नाही.

आता प्रत्यक्ष बसवण्याकडे. या मॉड्यूलचे कनेक्टर हिरोसे कंपनीच्या डीएफ४० मालिकेतले आहेत. ते घरगुती उपकरणांतल्या जाड कनेक्टरांसारखे शेकडो वेळा काढघाल करण्यासाठी बनवलेले नाहीत. त्यांचे आयुष्य ३० वेळांच्या आसपासचे धरतात. म्हणून कामाच्या टेबलावर चाचणीसाठी एक मॉड्यूल आणि एक बोर्ड वेगळे ठेवावे, ग्राहकाच्या उपकरणात जाणारी जोडी शक्यतो एकदाच जुळवावी. बसवताना आधी कॅरिअर बोर्डवर छापलेली मॉड्यूलची चौकट आणि अँटेनाची बाजू जुळवून घ्यायची, बोटाने अलगद सरकवून कनेक्टर एकमेकांत आल्याची खात्री करायची, आणि मग दोन्ही कनेक्टरांच्या बरोबर वर सारखा दाब द्यायचा. कोपऱ्यावर किंवा प्रोसेसरच्या धातूच्या टोपीवर दाबू नये. काढताना एका बाजूने उचकटण्याचा मोह होतो, आणि नेमक्या त्याच वेळी पिना वाकतात. दोन्ही लांब बाजू थोड्या थोड्या, आळीपाळीने उचलाव्यात.

कॅरिअरवरचा कनेक्टर कोणत्या उंचीचा निवडला त्यावर दोन पाट्यांमध्ये १.५ किंवा ३ मिलिमीटरची फट राहते. स्टँडऑफ बरोबर त्याच उंचीचा हवा. तो अर्धा मिलिमीटर उंच असला तर स्क्रू आवळल्यावर कनेक्टर पुरता बसत नाही, आणि ठेंगणा असला तर मॉड्यूल वाकते. असा दोष टेबलावर दिसत नाही. ट्रॅक्टरवर किंवा कॉम्प्रेसरशेजारी धक्के बसू लागले की काही आठवड्यांनी इथरनेट मधूनच तुटते, आणि सगळे जण केबल बदलत बसतात.

स्थिर विजेबद्दल एक परिच्छेद खर्च करणे भाग आहे, कारण आपल्याकडे तिला गांभीर्याने घेतले जात नाही. माणसाला बोटाला बसलेला चटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टच्या पुढे. चिपला इजा व्हायला काहीशे व्होल्टही पुरतात. म्हणजे ज्या झटक्याने नुकसान झाले तो तंत्रज्ञाला कळलेलाच नसतो. कोकणातल्या दमट हवेत हा धोका कमी असतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून बोर्ड हातात घेणारा माणूस तो स्वतःबरोबर आणतो. मनगटाला पट्टा, टेबलावर मॅट आणि दोन्हींना खरोखर जोडलेले अर्थिंग, एवढे पुरते. पट्ट्यात एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तो माणसाच्या सुरक्षिततेसाठी. पट्ट्याऐवजी साधी वायर मनगटाला बांधू नये.

वायफाय असलेले मॉड्यूल वापरत असाल तर त्याच्या छापील अँटेनाखाली आणि आजूबाजूला तांबे किंवा धातू नको. पत्र्याच्या पॅनेलमध्ये ती अँटेना जवळजवळ निरुपयोगी ठरते. तिथे बाहेरची अँटेना लावावी लागते, आणि ती नुसती जोडून भागत नाही; आता बाहेरची अँटेना वापर, असे कॉन्फिग फाइलमध्ये एका ओळीत सांगावे लागते. जोडणी आणि ओळख ही दोन कामे एकाच हाताची का असली पाहिजेत, ते या साध्या उदाहरणातही दिसते. पॅनेल बांधणाऱ्याने अँटेना लावली, सॉफ्टवेअरवाल्याला ती लावल्याचे कुणी सांगितले नाही, आणि दोघांचेही काम आपापल्या परीने पूर्ण झालेले असून उपकरणाला नेटवर्क मिळत नाही.

वीजपुरवठ्यावरचे प्रकरण या पुस्तिकेत सर्वांत लांब आहे, आणि ते तसेच हवे होते. मॉड्यूलला ५ व्होल्ट लागतात. आता ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. तिच्या एका मीटरचा विरोध साधारण ३५ मिलिओहम. पुरवठा पाच मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर वायर झाली, म्हणजे ०.३५ ओहम. २ अँपिअर प्रवाह वाहू लागला की वायरीतच ०.७ व्होल्ट पडतात आणि मॉड्यूलपाशी ४.३ व्होल्ट पोचतात. ते ४.७५ च्या खाली जाऊ नयेत. गंमत अशी की उपकरण चालू होते, कारण स्वस्थ बसलेला प्रोसेसर कमी प्रवाह घेतो. काम वाढले, वायफाय बोलू लागले, यूएसबीचा मोडेम जागा झाला, की व्होल्टेज खाली जाते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मल्टिमीटर निवांत वेळी लावला तर तो ५ दाखवतो. म्हणून मोजमाप पूर्ण भाराखाली आणि मॉड्यूलच्या जवळात जवळच्या बिंदूवर घ्यायचे. रास्पबेरी पायचे फर्मवेअर व्होल्टेज खाली गेल्याची नोंदही ठेवते. एका आज्ञेने आत्ता कमी आहे का आणि चालू झाल्यापासून कधी कमी झाले होते का, दोन्ही वाचता येते. दुरुस्तीला गेलेल्याने पहिली ती नोंद पाहावी.

याच हिशेबामुळे कारखान्यात २४ व्होल्टची वीज फिरवतात आणि ५ व्होल्ट कॅरिअर बोर्डवरच तयार करतात. तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो आणि वायरीतली घट किरकोळ ठरते. पण कोणताही बोर्ड २४ व्होल्टला जोडण्याआधी त्याचा आराखडा पाहावा. अधिकृत आयओ बोर्डचेच घ्या. तो १२ व्होल्टसाठी आहे, आणि २६ व्होल्टपर्यंत चालतो तो पीसीआय एक्सप्रेसची खाच रिकामी असेल तरच. कारण त्या खाचेतल्या कार्डाला लागणारे १२ व्होल्ट बोर्ड वेगळे तयार करत नाही, बाहेरून आलेली वीज तशीच पुढे देतो. आराखडा पाहिलेल्याला हे एका नजरेत कळते. न पाहिलेल्याने चालू असलेल्या उपकरणात एक कार्ड खोचले की कार्ड जळते.

इनपुटच्या पिनांचेही तसेच. मॉड्यूलच्या पिनांचे व्होल्टेज ३.३ किंवा १.८, आणि ते कोणते हे कॅरिअर बोर्ड एका पिनेद्वारे ठरवतो. सेन्सर २४ व्होल्टचा, पिन ३.३ व्होल्टची, आणि मध्ये ऑप्टोकप्लर नाही, असे पॅनेल आजही बांधले जाते.

वीज नीट झाली की बूट करायचे, आणि इथे नवख्यांचा सर्वांत जास्त वेळ जातो. या मॉड्यूलची दोन घराणी आहेत. एकात ईएमएमसी आहे. दुसऱ्यात, म्हणजे लाइटमध्ये, ती नाही. आयओ बोर्डवर एसडी कार्डाची खाच आहे, पण ती फक्त लाइट मॉड्यूलसाठी चालते. ईएमएमसी असलेल्या मॉड्यूलमध्ये त्या तारा आतल्या चिपसाठीच खर्च झालेल्या असतात, बाहेर येतच नाहीत. तेव्हा कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिम टाकून ते कितीही वेळा खोचले तरी पडदा काळाच राहणार. ईएमएमसीमध्ये लिहायचे तर बोर्डवरचा ठरलेला जंपर लावायचा, मायक्रो यूएसबीची केबल दुसऱ्या संगणकाला जोडायची, तिथे आरपीआयबूट हा प्रोग्रॅम चालवायचा. मग मॉड्यूल त्या संगणकाला पेनड्राइव्हसारखे दिसू लागते आणि त्यावर प्रतिमा लिहिता येते. लिहून झाले की जंपर काढायचा. केबलही काढायची, कारण ती लागलेली असेपर्यंत बोर्डवरचा यूएसबी हब बंद राहतो आणि कीबोर्ड काम करत नाही.

कीबोर्ड त्यानंतरही चालला नाही तर घाबरू नये. वीज वाचावी म्हणून या मॉड्यूलवर यूएसबी मुळातच बंद ठेवलेले असते, ते कॉन्फिग फाइलमध्ये चालू करावे लागते. त्या फाइलविषयी दोन गोष्टी आधीच सांगतो. रास्पबेरी पाय ओएसच्या २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ती बूट फोल्डरमधून त्याच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली आहे, त्यामुळे जुन्या सूचनांतला पत्ता आता चुकीचा आहे. दुसरे, त्या फाइलमध्ये चौकटी कंसातली शीर्षके असतात. दुसऱ्या मॉडेलच्या शीर्षकाखाली लिहिलेली ओळ आपल्या मॉड्यूलला लागू होत नाही. ओळ अचूक आणि जागा चुकीची, असे झाले की फाइल पुन्हा पुन्हा वाचूनही दोष सापडत नाही. नवे काम सुरू करताना सिरिअल कन्सोल आधी जिवंत करावा, हा माझा आग्रह आहे. तीन तारा आणि ३.३ व्होल्टचा एक स्वस्त यूएसबी-सिरिअल अडॅप्टर, एवढ्या भांडवलावर पडदा नसतानाही संगणक काय म्हणतो ते वाचता येते.

आता विषयाच्या गाभ्याकडे. पीसीआय एक्सप्रेस आणि यूएसबीवरची उपकरणे विचारल्यावर आपले नाव सांगतात. त्यांचे उत्पादक क्रमांक ठरलेले असतात आणि लिनक्सचा कर्नल ते वाचून योग्य ड्रायव्हर लावतो. आयटूसी आणि एसपीआय या साध्या बसवरच्या चिपा तशा नाहीत. आयटूसीवर हाक मारली तर अमुक पत्त्यावर कुणीतरी आहे एवढेच कळते, कोण आहे ते नाही. एसपीआयवर तेवढेही कळत नाही. आणि कॅरिअर बोर्डवरचा बहुतांश ऐवज याच दोन बसवर असतो. घड्याळ, पंख्याचा नियंत्रक, तापमानाचा सेन्सर, कॅनचा नियंत्रक, ॲनालॉग कन्व्हर्टर.

त्यांची माहिती कर्नलला डिव्हाइस ट्री नावाच्या दस्तऐवजातून मिळते. कोणत्या बसवर, कोणत्या पत्त्यावर, कोणती चिप, तिला इंटरप्टची कोणती पिन, घड्याळाची किती वारंवारता, हे त्यात लिहिलेले असते. पूर्वी आर्म प्रोसेसरच्या प्रत्येक बोर्डसाठी ही माहिती कर्नलच्या सी कोडमध्येच भरली जाई. बोर्ड वाढत गेले तसा तो पसारा हाताबाहेर गेला. २०११ मध्ये लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली आणि आर्मच्या जगाने डिव्हाइस ट्रीचा मार्ग धरला. रास्पबेरी पायचा कर्नल २०१५ च्या सुरुवातीला त्यावर आला. मूळ दस्तऐवज मॉड्यूलसोबत येतो, आणि आपल्या कॅरिअर बोर्डपुरती भर ओव्हरले नावाच्या लहान तुकड्यांनी घालता येते. रास्पबेरी पायच्या नेहमीच्या बोर्डांवर चढणाऱ्या हॅट कार्डांसाठी २०१४ पासून ओळख सांगणाऱ्या ईईपीरॉमची तरतूद आहे, पण कॅरिअर बोर्डवर ती असेलच असे नाही. मग ती भर बसवणाऱ्यालाच लिहावी लागते.

डिव्हाइस ट्रीला मी सातबारा म्हणतो. जमिनीवर प्रत्यक्ष ऊस उभा असो की ज्वारी, कार्यालयात चालते ती उताऱ्यावरची नोंद. कर्नलही नोंदीवर विश्वास ठेवतो, शेतावर जाऊन पाहत नाही. कॅन बसचे उदाहरण घ्या. औद्योगिक कॅरिअर बोर्डांवर एमसीपी२५१५ ही चिप सर्रास आढळते. तिच्याशेजारी एक क्रिस्टल असतो, काही बोर्डांवर ८ मेगाहर्ट्झचा, काहींवर १६ चा. ओव्हरलेमध्ये ही वारंवारता लिहावी लागते. बोर्डवर ८ चा क्रिस्टल असताना १६ लिहिले तर काय होते? ड्रायव्हर बिनतक्रार चढतो. चिप सापडल्याचा संदेश येतो. कॅनचा इंटरफेस उभा राहतो, त्याला ५०० किलोबिटचा वेग दिला तर तोही तो मान्य करतो. पण सगळा हिशेब दुप्पट घड्याळावर झालेला असल्याने प्रत्यक्ष तारेवर २५० किलोबिट जातात. समोरच्या यंत्राला ते कळत नाहीत, आणि त्याच बसवरच्या इतर उपकरणांच्या संभाषणातही चुका होऊ लागतात. सॉफ्टवेअरमध्ये कुठेही लाल अक्षर नाही. खरे उत्तर क्रिस्टलच्या धातूच्या टोपीवर छापलेले असते, भिंगाखाली वाचता येईल इतक्या लहान आकड्यांत.

घड्याळाचे उदाहरण याहून साधे आहे, पण परिणाम खोलवर जातात. आयओ बोर्डवर पीसीएफ८५०६३ए हे घड्याळ आणि त्यासाठी नाण्यासारखी बॅटरी आहे. त्याचा ओव्हरले न लिहिल्यास संगणक इंटरनेटवरून वेळ घेतो आणि कार्यालयात सगळे उत्तम चालते. तेच उपकरण इंटरनेट नसलेल्या पंपघरात गेले की वीज जाऊन आल्यावर ते मागे कधीतरी साठवलेली वेळ धरून पुढे चालू लागते. पाणी किती वाजता सोडले, मोटर कधी थांबली, या नोंदी तेव्हापासून खोट्या होतात, आणि त्या खोट्या आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बॅटरी बसवलेली असते, घड्याळ अचूक चालत असते. त्याला वेळ विचारायला मात्र कुणीच जात नाही.

म्हणूनच इतरांच्या कॉन्फिग फाइलमधल्या ओळी जशाच्या तशा उचलण्याची सवय मला घातक वाटते. ती ओळ खरी असते, पण दुसऱ्याच्या बोर्डबद्दल. विद्यार्थ्याने प्रत्येक ओळीपुढे आराखड्यातले पान आणि चिपचे नाव लिहावे, आणि जिचे समर्थन आराखड्यात सापडत नाही ती ओळ काढून टाकावी. सुरुवातीला हे काम कंटाळवाणे वाटते. पण ज्याने एकदा आयटूसीचा पत्ता आराखड्यात शोधला, मग बसवर हाक मारून तिथे कुणीतरी असल्याचे पाहिले, मग ओव्हरले लिहिला आणि शेवटी चिपमधून खरे तापमान वाचले, त्याला पुढचा कोणताही बोर्ड परका वाटत नाही. हा क्रम शिकवावा म्हणूनच ही पुस्तिका लिहिली आहे.

मॉड्यूल बदलता येते, या आश्वासनाकडे परत येतो. २०२१ नंतरच्या चिपटंचाईत चौथे मॉड्यूल मिळेनासे झाले, तेव्हा पाइन६४, रॅडक्सा यांसारख्या उत्पादकांची त्याच आकाराची, तेच कनेक्टर असलेली मॉड्यूल्स अनेकांनी वापरून पाहिली. ती कॅरिअर बोर्डवर बसली. पण आतला प्रोसेसर वेगळा, म्हणून डिव्हाइस ट्री वेगळी, आणि रास्पबेरी पायची कॉन्फिग फाइल तिथे निरर्थक. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेले पाचवे मॉड्यूल त्याच जागी बसते, तरी कॅमेरा-पडद्याच्या काही पिनांवर आता यूएसबी ३ आले आहे. तेव्हा बदल करण्याआधी दोन्ही मॉड्यूलांचे पिनांचे तक्ते शेजारी ठेवून, आपला कॅरिअर बोर्ड ज्या पिना खरोखर वापरतो तेवढ्या एकेक करून तपासाव्यात. हे काम एका दुपारचे आहे. शंभर उपकरणे पाठवून झाल्यावर ते करायला बसले तर महिने जातात.

प्रकरणांचा क्रम उपकरण हातात आल्यापासूनच्या कामाचाच ठेवला आहे. आराखडा वाचणे, मॉड्यूल बसवणे, वीज मोजणे, बूट, कन्सोल, डिव्हाइस ट्री, आणि शेवटी कायमस्वरूपी जागेवर उभारणी. त्या शेवटच्या प्रकरणात पावसाळ्यातल्या ओलाव्यापासून बोर्ड वाचवणारे लेपन आहे, आरएस-४८५ च्या तारेच्या दोन्ही टोकांना लागणारे १२० ओहम आहेत, आणि प्रोसेसर ८० अंशांपुढे स्वतःचा वेग कमी करू लागतो तेव्हा पॅनेलमधली हवा कशी खेळवायची तेही आहे. कॅमेरे आणि सुरक्षित बूट हे दोन विषय जाणीवपूर्वक बाहेर ठेवले आहेत. त्यांना न्याय द्यायचा तर प्रत्येकाला स्वतंत्र पुस्तिका लागेल.

परिशिष्टात एका पानाचा कोरा तक्ता दिला आहे. मॉड्यूलचा नेमका प्रकार, कॅरिअर बोर्डची आवृत्ती, प्रत्येक जंपरची स्थिती, भाराखाली मोजलेले व्होल्टेज, बूटलोडरची तारीख आणि कॉन्फिग फाइलमधली प्रत्येक जोडलेली ओळ कारणासह, एवढे रकाने त्यात आहेत. तो भरून त्याची एक प्रत पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी. पाच वर्षांनी तिथे येणारा तंत्रज्ञ बहुधा दुसराच कुणी असेल, आणि पहिला रकाना भरायला सर्वांत योग्य वेळ म्हणजे मॉड्यूल अजून पाकिटात असतानाची.